दोन कीबोर्ड, एक वादक : मिडीची जोडणी कशी करावी

परभणी, नांदेड, लातूरकडच्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांमध्ये, आणि अलीकडे मोठ्या भजनी मंडळांतही, स्टँडवर एकाखाली एक असे दोन कीबोर्ड दिसतात. वादक डावा हात खालच्या कीबोर्डवर आणि उजवा वरच्यावर ठेवून दोन स्वतंत्र वाद्ये वाजवत असतो. दोन्ही वाद्यांच्या पाठीवर मिडीची, म्हणजे एका वाद्याने दुसऱ्याला सूचना देण्याच्या सोयीची, सॉकेटे असतात, पण खरेदी झाल्यापासून त्यांत धुळीखेरीज काही शिरलेले नसते. तीच सॉकेटे वापरली, तर वरच्या कीबोर्डच्या पट्ट्यांवरून खालच्याचे स्ट्रिंग्ज वाजवता येतात, पियानोच्या मागे दुसऱ्या वाद्याचा पॅड (मागे सलग भरून राहणारा टोन) भरता येतो आणि पट्ट्या खिळखिळ्या झालेल्या, पण टोन अजून उत्तम असलेल्या जुन्या सिंथेसायझरला नव्या कीबोर्डवरून बोलते करता येते. माझ्या आणि मित्रांच्या पार्ट्यांच्या जोडण्या परभणीत मीच करतो. तिसरा कीबोर्ड विकत घेण्याआधी आहेत ते दोन जोडून पाहावेत, असे मी प्रत्येकाला सांगतो, म्हणून ती पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करणे आवश्यक आहे. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, फक्त सूचना जाते. समजा, आपण मधल्या सप्तकातली काळी चार दाबली. मिडीमध्ये प्रत्येक पट्टीला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो, मधल्या सप्तकाच्या पांढरी एकचा क्रमांक ६० आहे, म्हणून काळ्या-पांढऱ्या मिळून आठ पट्ट्या पुढे असलेल्या काळी चारचा ६८ होतो. पट्टी दाबताच कीबोर्ड तीन आकडे पाठवतो : कोणत्या चॅनलवर सूर सुरू करायचा, कोणता सूर (६८) आणि पट्टी किती जोराने दाबली (समजा ९०). बोट उचलले की सूर थांबवण्याची दुसरी सूचना जाते. एका सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने हे आकडे धावतात आणि एका सुराच्या सूचनेला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. समोरच्या वाद्याने तो सूर सनईत वाजवायचा की व्हायोलिनमध्ये, हे पूर्णपणे त्या वाद्यावर निवडलेल्या टोनवर अवलंबून असते. यातून सरळ निघणारी गोष्ट अशी, की मिडीची वायर जोडल्यानंतरही प्रत्येक वाद्याचा आवाज आपापल्या जॅकने मिक्सरपर्यंत न्यावाच लागतो. ‘मिडी जोडली तरी दुसरा कीबोर्ड वाजत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या दुसऱ्या कीबोर्डची ऑडिओ वायर पिशवीतच असते. साउंडवाला मिक्सरवर एकच चॅनल देत असेल आणि आपल्या मुख्य कीबोर्डला ऑक्स इन किंवा ऑडिओ इन असेल, तर दुसऱ्याचा आवाज तेथे घालून दोन्ही एकत्र बाहेर काढता येतात. एकच जॅक लावायचा असल्यास तो ‘एल मोनो’ लिहिलेल्या सॉकेटातच लावावा, नाहीतर काही टोन अर्धेच ऐकू येतात.

ही भाषा सर्व कंपन्यांत समान आहे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले गेले, आणि त्याच वर्षी मिडीचा नियमसंच निश्चित झाला. म्हणून आजचा कॅसिओ चाळीस वर्षांपूर्वीच्या यामाहा डीएक्स-७ ला कोणत्याही जादा यंत्राशिवाय वाजवू शकतो, फक्त दोघांनाही पाच पिनांचे गोल सॉकेट असायला हवे.

गोल सॉकेटे तीन प्रकारची असतात आणि त्यांची नावे वाद्याच्या बाजूने वाचायची असतात. ‘आउट’मधून या वाद्यावर जे वाजवले ते बाहेर जाते, ‘इन’मधून दुसऱ्याच्या सूचना आत येतात, आणि ‘थ्रू’मधून इनला जे आले त्याचीच नक्कल पुढे जाते, थ्रूमधून या वाद्याचे स्वतःचे वाजवणे जात नाही. म्हणून ज्याच्या पट्ट्या वाजवायच्या त्याच्या आउटमधून ज्याचा आवाज हवा त्याच्या इनमध्ये अशी एक वायर, एवढीच मूळ जोडणी आहे. आउटला आउट जोडले गेले तर काही जळत नाही, फक्त काही घडत नाही. वायर बदलावी आणि पुढे जावे.

वायरीबद्दल मात्र थोडे थांबून बोलणे योग्य ठरेल, कारण आपल्याकडे तालुक्याच्या गावी मिडी केबल सहज मिळत नाही आणि दुकानदार जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनांची वायर हातात देतो. मलाही एकदा तशीच मिळाली होती आणि एक अख्खा रविवार कीबोर्डच्या सेटिंगमध्ये चूक शोधण्यात गेला. बाहेरून पिन तंतोतंत सारखी दिसते, पण आतील जोडणी वेगळी असू शकते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून वायर करून घेता येते आणि ती बाजारातल्या स्वस्त वायरीपेक्षा अधिक टिकते. पिनांच्या अर्धवर्तुळात अगदी मधली पिन ही क्रमांक दोन, तिच्या दोन्ही बाजूंच्या चार आणि पाच, आणि दोन टोकांच्या एक व तीन असतात. चारला चार, पाचला पाच, जाळीची वायर दोन्ही टोकांना दोनवर. एक आणि तीन मोकळ्या सोडाव्यात. डाग देणाऱ्याला हे कागदावर काढून द्यावे, कारण पिनेकडे समोरून पाहिले की मागून पाहिले यात चार आणि पाच यांची अदलाबदल होते. लांबी १५ मीटरपर्यंत चालते, पण स्टँडवरच्या दोन कीबोर्डांना दोन मीटर पुष्कळ होतात.

आता यूएसबी. अलीकडच्या अनेक लहान कीबोर्डांवर गोल सॉकेटे नसतात, फक्त ‘टू होस्ट’ लिहिलेले चौकोनी यूएसबी असते. अशा दोन कीबोर्डांमध्ये थेट यूएसबी वायर घालून काहीही होत नाही, कारण दोघेही संगणकाची वाट पाहत असतात आणि मध्ये सूत्रे चालवणारा कोणी नसतो. मग मध्ये लॅपटॉप ठेवावा लागतो किंवा यूएसबी मिडी होस्ट नावाची छोटी डबी घ्यावी लागते, जी एका बाजूने यूएसबी कीबोर्ड स्वीकारते आणि दुसऱ्या बाजूने गोल सॉकेटे देते. कार्यक्रमाच्या मंचावर मी डबीच पसंत करतो. लॅपटॉप ऐन गाण्यात अपडेट घ्यायला बसतो. यूएसबीपासून दोन गोल पिना निघणाऱ्या स्वस्त वायरींवर ‘इन’ आणि ‘आउट’ छापलेले असते, पण ते वायरीच्या बाजूने म्हटले आहे की कीबोर्डच्या, याचा भरवसा नसतो. वाजले नाही तर दोन्ही पिना आपापसांत बदलून पाहाव्यात.

जोडणी करताना सर्व वाद्ये बंद असावीत. मग आधी वाद्ये सुरू करावीत, शेवटी मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट क्रम ठेवावा.

वायर बरोबर असूनही वाजत नसेल, तर चॅनल तपासावा. मिडीत १६ चॅनल असतात आणि पाठवणारा ज्या चॅनलवर बोलतो त्याच चॅनलवर घेणाऱ्याने ऐकायला हवे. कीबोर्डच्या मिडी किंवा सिस्टीम मेनूत ‘ट्रान्समिट चॅनल’ आणि ‘रिसीव्ह चॅनल’ अशी दोन स्वतंत्र सेटिंगे असतात. सुरुवातीला पाठवणाऱ्याचा ट्रान्समिट आणि घेणाऱ्याचा रिसीव्ह दोन्ही १ करावेत. काही वाद्यांवर ‘ओम्नी’ नावाची सोय असते, ती सुरू असेल तर वाद्य सर्व चॅनल ऐकते. पहिल्या चाचणीला ती सोयीची आहे, नंतर मात्र बंद करावी. डीएक्स-७ सारखी काही जुनी वाद्ये फक्त १ वरच पाठवतात, तेव्हा त्यांच्यापुढे दुसऱ्यालाच १ वर यावे लागते. कीबोर्डला स्प्लिट करून डाव्या हाताचा भाग २ वर आणि उजव्या हाताचा १ वर पाठवता येत असेल, तर खालच्या वाद्याला २ वर बास ठेवून एकाच पट्ट्यांवर दोन माणसांचे काम होते.

अ‍ॅरेंजर कीबोर्ड, म्हणजे रिदम आणि स्टाइल असलेला, मुख्य ठेवला असेल तर आणखी एक गंमत घडते. अनेक अ‍ॅरेंजर आपल्या स्टाइलचे बास, गिटार, ड्रम हे भागही वेगवेगळ्या चॅनलवरून बाहेर पाठवतात. खालच्या वाद्याची ओम्नी सुरू राहिली, तर गाणे सुरू होताच ते स्टाइलचे ड्रमसुद्धा व्हायोलिनमध्ये वाजवू लागते. हे ऐकलेला माणूस विसरत नाही. मेनूत स्टाइलच्या भागांचे ट्रान्समिट बंद करावे आणि फक्त उजव्या हाताचा भाग पाठवावा.

‘लोकल कंट्रोल’ ही सेटिंग एका वाक्यात सांगता येते : लोकल ऑन असेल तर पट्ट्या स्वतःच्या कीबोर्डचे टोन वाजवतात, ऑफ असेल तर पट्ट्या केवळ बाहेर सूचना पाठवतात. दोन वाद्ये एकत्र वाजवायची असतील तर ऑन ठेवावी. मुख्य कीबोर्ड मुका ठेवून फक्त दुसरा ऐकायचा असेल, किंवा लॅपटॉप आलेले सूर परत त्याच कीबोर्डला पाठवत असेल, तर ऑफ करावी. तसे न केल्यास प्रत्येक सूर दोनदा वाजतो, टोन पोकळ होतो आणि एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या निम्मी होते. एका ओळखीच्या वादकाला मेकॅनिकने ‘बोर्ड गेला’ म्हणून मोठा खर्च सांगितला होता. कीबोर्ड सुरू व्हायचा, डेमो गाणे वाजायचे, पट्ट्या मात्र मुक्या. डेमो वाजतो म्हणजे आवाजाचा भाग शाबूत आहे, हे लक्षात आल्यावर मेनू उघडला, तर लोकल ऑफ होते आणि तसेच सेव्ह झालेले होते.

सर्वांत जास्त फजिती ट्रान्सपोजमध्ये, म्हणजे सर्व पट्ट्यांचा सूर एकदम वर-खाली सरकवण्याच्या सोयीत, होते, कारण आपले बहुतेक वादक पांढरी एकमध्ये बोटे बसवतात आणि गायकाच्या पट्टीनुसार ट्रान्सपोजचे बटन दाबतात. गायिकेने काळी चार मागितली, म्हणून वादक मुख्य कीबोर्डवर उणे चार करतो. हा कीबोर्ड बदललेलेच सूर मिडीवरून बाहेर पाठवत असेल आणि वादकाने सवयीने खालच्या कीबोर्डवरही उणे चार केले असेल, तर खालच्यावर एकूण उणे आठ होते. आता वरच्या वाद्याचा सा काळी चार आणि खालच्याचा पांढरी तीन. दोन्हींमध्ये शुद्ध गंधाराचे अंतर पडते आणि गाणे सुरू झाल्यावर कोण बेसूर आहे हे कोणालाच लवकर उमगत नाही, बहुधा गायिकेकडेच पाहिले जाते. काही कीबोर्ड मात्र ट्रान्सपोज फक्त स्वतःच्या आवाजाला लावतात आणि बाहेर मूळ पट्टीचाच क्रमांक पाठवतात, म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा चाचणी करणे चांगले. दोन्ही शून्यावर ठेवून एक पट्टी वाजवावी. मग फक्त मुख्यावर एक वाढवून तीच पट्टी पुन्हा वाजवावी. दोन्ही सूर एकत्र चढले तर खालचा कायम शून्यावर ठेवावा. फक्त वरचा चढला तर प्रत्येक वेळी दोन्हींवर सारखेच बदल करावे लागतील. पट्टी दाबलेली असताना ट्रान्सपोज बदलू नये, तो सूर अडकून राहण्याची शक्यता असते.

सप्तकाचा घोळ याच जातीचा आहे, पण किरकोळ. ६० क्रमांकाच्या पट्टीला यामाहा सी-३ म्हणते आणि रोलँड सी-४, त्यामुळे दोन मेनूंतली स्प्लिटची नावे जुळत नाहीत. नाव सोडून कानाने जुळवावे.

मींड घेणाऱ्यांनी बेंडची मर्यादा आवर्जून पाहावी. बेंडचे चाक किती फिरले एवढेच मिडीतून जाते; त्याने सूर किती चढायचा, हे प्रत्येक वाद्य आपल्या मर्यादेप्रमाणे ठरवते, आणि ती बहुधा दोन अर्धस्वरांची असते. एका वाद्यावर ती दोन आणि दुसऱ्यावर बारा असेल, तर सनई सा वरून रे वर जाईपर्यंत तिच्या मागचे स्ट्रिंग्ज वरच्या सा ला पोहोचलेले असतात. तसेच वाद्याचे सूक्ष्म ट्यूनिंग आणि स्केल ट्यूनिंगही सुरांच्या सूचनेबरोबर जात नाही. पेटी ४४० हर्ट्झऐवजी ४४२ ला लावलेली असेल आणि तिच्याशी जुळवायचे असेल, तर दोन्ही कीबोर्ड स्वतंत्रपणे ४४२ ला आणावे लागतात. सस्टेन पेडल मात्र एकच पुरते. ते मुख्य कीबोर्डला लावावे, त्याची सूचना (कंट्रोल क्रमांक ६४) पुढे जाते.

टोन बदलण्याची सूचनाही मिडीतून जाते, तिला प्रोग्राम चेंज म्हणतात. हे सोयीचे आहे आणि तापदायकही, कारण वरच्यावर पियानो बदलून बासरी घेतली की खालच्याचे नीट निवडलेले स्ट्रिंग्जही बदलतात. सुरुवातीला घेणाऱ्या वाद्यावर ‘प्रोग्राम चेंज रिसीव्ह’ बंद ठेवावे, असे माझे मत आहे. पुढे प्रत्येक गाण्याचे टोन एका बटनावर हवे असतील तर ते सुरू करावे, आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, तारेत हे क्रमांक ० ते १२७ असतात, पण काही वाद्ये ते १ ते १२८ असे दाखवतात, म्हणून एकाचा फरक पडतो. दोन, १९९१ च्या जनरल मिडी यादीत सर्व वाद्यांसाठी १२८ टोनांचा क्रम समान ठरलेला आहे (त्यात सतार १०५ वर आणि सनई ११२ वर आहे), पण कंपनीचे खास टोन त्या यादीबाहेर असतात आणि त्यांच्यासाठी आधी बँक (टोनांचा गट) निवडण्याची सूचना पाठवावी लागते.

ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड) जोडायचा असेल तर जनरल मिडीतला ड्रमचा चॅनल १० लक्षात ठेवावा. पॅडच्या आउटमधून कीबोर्डच्या इनमध्ये वायर दिली, तर प्रत्येक पॅडला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे कीबोर्डचे ड्रम वाजतात : ३६ बास ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट. पण त्या यादीत ढोलकी, हलगी आणि संबळ नाहीत, म्हणून आपल्याकडे उलटी जोडणी जास्त उपयोगी पडते. कीबोर्डच्या आउटमधून पॅडच्या इनमध्ये १० वर सूचना पाठवल्या की पट्ट्यांवरून पॅडमधली हलगी वाजते, आणि पॅडवाला उशिरा पोहोचला तरी गोंधळाचा कार्यक्रम अडत नाही.

तीन वाद्ये जोडताना पहिल्याच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये आणि दुसऱ्याच्या थ्रूमधून तिसऱ्याच्या इनमध्ये असे जावे. यापुढे साखळी लांबवू नये. थ्रूमुळे सूर उशिरा पोहोचतो असे अनेक जण म्हणतात, पण तो उशीर कानाला कळण्याइतका नसतो. खरी अडचण अशी, की प्रत्येक टप्प्यावर सिग्नलचा आकार थोडा बिघडतो आणि शेवटच्या वाद्यापर्यंत चुकीच्या सूचना पोहोचू लागतात. चार वाद्ये असतील तर एका इनमधून अनेक थ्रू देणारी थ्रू बॉक्स घ्यावी.

गावाकडचे कार्यक्रम जनरेटरवर चालतात आणि हुंकाराचा दोष पुष्कळदा मिडीवर ढकलला जातो. गोल पिनेच्या मिडीत घेणाऱ्या वाद्याच्या आत सूचना प्रकाशाने पलीकडे जाते, दोन्ही वाद्यांचा विद्युत संबंध तेथे तुटलेला असतो, म्हणून ती हुंकार सहसा आणत नाही. हुंकार येतो तो ऑडिओच्या वायरीतून आणि यूएसबीने जोडलेल्या लॅपटॉपमधून. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. हुंकार थांबला तर कारण सापडले. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो उपाय मंचावर सर्रास होतो, तो कधीही करू नये, त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

सूर अडकण्याचा प्रसंग प्रत्येकावर एकदा येतोच. सेलूजवळच्या एका हळदीच्या कार्यक्रमात मी वरच्या कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा सूर धरलेला असताना नाचणाऱ्या एका मुलाच्या पायात वायर आली आणि पिन निसटली. बोट मी उचलले, पण ‘सूर थांबव’ ही सूचना जाण्याचा रस्ताच उरला नव्हता, त्यामुळे खालचा कीबोर्ड तोच सूर धरून बसला. वायर परत लावूनही तो थांबेना. अशा वेळी खालच्याचा व्हॉल्यूम खाली ओढावा, मग दोन्हींपैकी ज्यावर ‘पॅनिक’ बटन असेल ते दाबावे (ते सर्व सूर बंद करण्याची सूचना, कंट्रोल १२३, पाठवते), आणि ते नसेल तर अडकलेल्या वाद्यावर टोन बदलून पाहावा किंवा ते बंद करून सुरू करावे. त्या दिवसापासून मी वायरीचा एक वेढा स्टँडच्या पायाला देऊन मगच पिन लावतो.

दोष वायरीत, पाठवणाऱ्यात की घेणाऱ्यात हे ओळखण्यासाठी एक साधा तपासनीस करता येतो. पाच पिनांच्या एका मोकळ्या पिनेत चार आणि पाच यांच्यामध्ये साधा लाल एलईडी डागावा, त्याचा लांब पाय चारवर. ही पिन कीबोर्डच्या आउटमध्ये घालून पट्टी दाबली की एलईडी क्षणभर लुकलुकतो. काही वाद्ये आपण जिवंत आहोत हे सांगण्यासाठी सतत सूचना पाठवत राहतात, त्यांच्यावर तो न वाजवताही मंद लुकलुकत राहतो. एलईडी पेटला तर पाठवणारा ठीक आहे. मग वायर बदलावी, त्यानंतर चॅनल पाहावा, आणि घेणाऱ्याला शेवटी दोष द्यावा.

सारे जुळल्यावर दोन्ही वाद्यांवर सेटिंग सेव्ह करावे, कारण वीज जाऊन आली की सेव्ह न केलेले सेटिंग जाते, आणि लग्नसराईत वीज जातेच. माझ्या खालच्या कीबोर्डच्या बुडाला चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले आहे : वरचा ट्रान्समिट १, लोकल ऑन, स्टाइल बाहेर नाही. खालचा रिसीव्ह १, ओम्नी ऑफ, प्रोग्राम चेंज बंद, ट्रान्सपोज ०, बेंड २. दोन्ही ४४०.